एकशे सतरा नंबरचा टिळा

हे ऋतुराजनं जवळजवळ लिहिलंच नव्हतं.

तीनदा मोबाइल घेऊन बसला. पहिल्यांदा पानभर टाइप केलं, दुसऱ्यांदा अर्धं पान, तिसऱ्यांदा नुसती तारीख आणि 'मी, ऋतुराज बाळासो मगदूम'. तिन्ही वेळा पुसलं. 'मी' लिहिलं की अंगठा खोटं बोलायला लागायचा. 'मी मैत्रीपोटी केलं', 'मला कल्पना नव्हती', असली वाक्यं आपोआप उमटायची. शेवटी त्यानं स्वतःला 'तो' करून टाकलं. 'तो'ला शिव्या घालता येतात.

तर तो.

कोल्हापूरच्या बाहेर, हायवेला लागून सह्यकांती प्रिसिजन नावाचा कारखाना आहे. गाड्यांच्या बॅटऱ्या थंड ठेवणारे पंप असतात ना, त्यांचे पार्ट तिथं बनतात. ऋतुराज गेज रूमला. एसी खोली, काचेचं दार, पार्ट मायक्रॉनमध्ये मोजायचे. त्याचा दोस्त इंद्रजित पोवार, म्हणजे इंद्या, शॉपच्या दुसऱ्या टोकाला. टाकीवर.

टाकी म्हणजे वॉशिंगची टाकी. मशीनवरून निघालेला पार्ट तेलानं बरबटलेला असतो. जाळीच्या टोपलीत भरायचा, उकळत्या केमिकलच्या वाफेत सोडायचा, वर काढला की आरशासारखा. पूर्वी जे केमिकल वापरायचे त्यानं माणसांचे मेंदू बिघडतात असं दिसायला लागलं, म्हणून ते बंद झालं. त्याच्या जागी क्लीनॉल आलं. तेच काम, तोच गोडसर वास, डबा फक्त हिरवा. पिंपावर पानाचं चित्र होतं.

टाकीवर कुणी टिकत नसे. वाफ डोक्यात जायची. इंद्या आठ वर्षं टिकला. "आपल्याला काय हुतंय रं," म्हणायचा, "आपलं टाळकं आधीच रिकामं हाय."

दोघं एकाच गल्लीतले. एकाच बाकावर दहावी, एकाच ट्रेडला आयटीआय, एकाच दिवशी सह्यकांतीत. एकमेकांचं कार्ड पंच करण्याची सवय आयटीआयपासूनची. एकाला उशीर झाला की दुसरा दोन्ही कार्डं दाखवायचा. शॉपमध्ये सगळेच करायचे. त्याला कुणी चोरी म्हणत नसे. उलट जो करत नाही तो कसला दोस्त?

मग टिळा आला.

---

टिळा हे कामगारांनी ठेवलेलं नाव. खरं नाव लांबलचक. कपाळाला बांधायची एक काळी पट्टी, तिला भुवयांच्या मधोमध दोन बारीक दिवे. दर शनिवारी शिफ्ट सुटताना केबिनमध्ये बसायचं, पट्टी बांधायची, चार मिनिटं डोळे मिटायचे. पट्टी सोडली की कपाळावर गोल लाल ठसा उरायचा. म्हणून टिळा.

तो कशाला, हे सांगायला पुण्याहून डॉ. मेघना दातार आल्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या. कॅन्टीनमध्ये खुर्चीवर न बसता टेबलावर बसल्या. पडद्यावर चित्रं दाखवतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "घराचा स्लॅब टाकताना कुणी घमेली दिलीत?"

निम्मे हात वर.

"मग तुम्हाला कळेल. मेंदूच्या प्रत्येक पेशीत शेकडो बारकी बारकी वीजघरं असतात. आपण जे खातो त्याची वीज तिथं होते. कशी होते? रांग लावून. पहिला माणूस घमेलं दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला, शेवटचा वर ओततो. आता समजा, एखादं विष येऊन पहिल्या माणसाचा हात धरून बसलं. तो मेला नाही. उभा आहे. पण घमेलं पुढं जात नाही. मागून माल येतोच आहे, तो सांडतो. आणि हा माल सिमेंट नाही, निखारे आहेत. सांडतील तिथं जाळतात."

त्यांनी हात डोक्यामागं, मानेच्या वर टेकवला.

"सगळ्या पेशींचं असं होतं, पण सगळ्या सारख्या मरत नाहीत. मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक पट्टा आहे. हालचालींवर त्याचा ताबा. त्यातल्या एकेका पेशीला इतके फाटे असतात, की समजा, एका वायरमनकडं अख्खा तालुका. त्याला वीज थोडी कमी पडली तरी तो आधी पडणार. मागच्या शतकात अमेरिकेत काही तरुण पोरांनी नशेसाठी चुकीची बनलेली पूड टोचून घेतली होती. थोड्याच दिवसांत ती जागच्या जागी गोठली, म्हाताऱ्या कंपवाताच्या पेशंटसारखी. त्या पुडीनं नेमकं हेच केलं होतं, पहिल्या माणसाचा हात धरला होता. तेव्हा जे काही दिवसांत झालं, ते वाफेनं दहा-पंधरा वर्षांत होऊ शकतं. आणि वाईट भाग असा, की निम्म्याहून जास्त पेशी जाईपर्यंत माणसाला काही कळत नाही."

"मंग ह्यो टिळा काय करतो?" मागून कुणीतरी.

"काळ्या पट्ट्यापर्यंत प्रकाश पोचत नाही. पण नाकाच्या वर, भुवयांच्या मागं वासाची गाठ असते. वाफ तिथं आधी पोचते, बिघाडही तिथं आधी दिसतो. टिळा त्या गाठीतल्या रांगेचा शेवटचा माणूस बघतो. त्याच्या हातात माल येतोय का? शंभरातला एक आकडा देतो. साठच्या खाली आलात तर टाकीवरून बाजूला, आणि गोळी सुरू. ही गोळी अडलेल्या माणसाला वळसा घालून माल पुढं नेते. साठला पकडलेले बहुतेक लोक सहा महिन्यांत सत्तरच्या वर जातात. चाळीसच्या खाली मात्र गोळीचा उपयोग नाही. तिथं न्यायला रांगच उरलेली नसते."

एवढंच होतं शास्त्र. ऋतुराजनं नंतर मोबाइलवर शोधून शोधून बरंच वाचलं, पण घमेल्यांच्या रांगेपेक्षा जास्त त्याला आजही कळलेलं नाही.

युनियननं एकच अट घातली. आकड्यावरून कुणाला काढायचं नाही. म्हणून नाव नाही, फक्त कोड. केबिनला पडदा, आत कॅमेरा नाही. कार्ड दाखवायचं, पट्टी बांधायची. आकड्याची चिठ्ठी ज्याची त्याला. डॉक्टरांनासुद्धा कोडच दिसायचे. कोडामागचा माणूस बाजूला करायची वेळ आली तर तेवढंच नाव युनियनच्या माणसासमोर उघडायचं. लढून मिळवलेली अट होती ही. ऋतुराज त्या मोर्चात घोषणा द्यायला पुढं होता.

इंद्याचा कोड एकशे सतरा. ऋतुराजचा एकशे बेचाळीस.

---

इंद्याचा आकडा पहिल्या महिन्यात चौऱ्याऐंशी होता. मग शहात्तर. मग अडुसष्ट. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी एकसष्ट.

त्याच आठवड्यात इंद्याला सांगून आलेलं सानिकाचं स्थळ पक्कं होत होतं.

सानिकाचे वडील शिकलेले, कागलकडचे, निवृत्त तलाठी. चहा झाल्यावर म्हणाले, "आम्ही पत्रिका-बित्रिका बघत नाही. टिळ्याची चिठ्ठी बघतो. पंच्याहत्तरच्या वर असली की झालं." हे तेव्हा सगळीकडं सुरू झालं होतं. आसपासच्या कारखान्यांतल्या पोरांची लग्नं चिठ्ठीवर ठरत होती. युनियननं आकडा कंपनीपासून लपवला, सासऱ्यापासून लपवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

शुक्रवारी इंद्या गेज रूमच्या काचेवर टकटक करून ऋतुराजला बाहेर घेऊन आला.

"भावा, उद्या माझं पण कार्ड दाखीव."

"टिळ्याला?"

"एकदाच. साखरपुड्यापुरतं. पुढच्या शनिवारी माझं मी बसतो."

"आणि साठच्या खाली गेलास तर?"

"मंग गोळी खातो की. पर लगीन झाल्यावर. ती पोरगी मला बघून हसलीया, ऋत्या. मला बघून आजवर कोण हसलंय? तू सोडून?"

ऋतुराज हसला. आणि शनिवारी दोनदा पडद्यामागं गेला. एकदा एकशे बेचाळीस, एकदा एकशे सतरा. एसीतला मेंदू, ताजा. अठ्ठ्याऐंशी.

चिठ्ठी पेढ्यांच्या बॉक्सबरोबर कागलला गेली.

पुढच्या शनिवारी इंद्याला बसायचं होतं. पण अठ्ठ्याऐंशीवरून एकदम अठ्ठावन्नवर कसं यायचं? कुणी विचारलं तर? लग्न होऊ दे, मग बघू. मग लग्न झालं. मग सानिकानं ती चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये घालून लग्नाच्या अल्बमच्या पहिल्या पानावर लावली. मग कसं बसायचं?

तीन वर्षं. दीडशे शनिवार. ऋतुराजच्या कपाळावर दोन ठसे असायचे, एकावर एक. बाहेरून एकच दिसायचा.

---

पहिलं लक्षण ऋतुराजनं पाहिलं आणि त्याला हसू आलं. खरंच हसू आलं, हे लिहायलाच हवं.

रविवारी तो इंद्याकडं कॅरम खेळायला जायचा. कॅरममध्ये इंद्याचा हात म्हणजे नाद खुळा. बेसलाइनवरून कटमध्ये सोंगटी घालायचा, बोर्ड वाजायचा पण नाही. त्या दिवशी सानिका गॅसवर सुकट भाजायला ठेवून खाली दुकानात गेली होती. ऋतुराज जिन्यातच नाक धरून ओरडला, "अरं, जळलं की सगळं!" वर आला तर घरभर धूर आणि इंद्या बोर्डवर पावडर टाकत शांत बसलेला.

"कशाचा वास?" तो म्हणाला.

"मर्दा, नाक हाय का न्हाई तुला?"

"टाकीनं खाल्लं नाक. बरं झालं की, आता क्लीनॉलचा पण वास येत न्हाई."

दोघं हसले. सानिका वर येऊन दोघांना शिव्या घालायला लागली तेव्हा आणखी हसले.

वासाची गाठ. भुवयांच्या मागं. आधी तिथं. डॉक्टरांनी कॅन्टीनमध्ये सांगितलेलं ऋतुराजला पाठ होतं. त्यानं घरी येताना मनात उजळणी केली, आणि घर आल्यावर सोडून दिली.

---

दीड वर्षानं दातार मॅडम परत आल्या. या वेळी टेबलावर बसल्या नाहीत. उभ्या राहिल्या, फिरत राहिल्या. आनंद लपत नव्हता.

"मला तुम्हाला एक चांगली बातमी द्यायचीय. चाळीस कारखान्यांतली माहिती आमच्याकडं येते. टाकीवर सर्वांत जास्त तास उभं राहिलेला माणूस तुमच्याकडं आहे. कोड एकशे सतरा. कोण ते मला माहीत नाही, माहीत करून घ्यायचंही नाही. पण त्यांचा आलेख बघा."

पडद्यावर रेघ आली. चौऱ्याऐंशी, शहात्तर, अडुसष्ट, एकसष्ट. आणि तिथून सरळ वर. अठ्ठ्याऐंशी. मग सपाट.

"आधी उतरला. मग मेंदूनं स्वतःला सावरलं. बाकी कारखान्यांत साठला आलेल्यांना आपण लगेच बाजूला करत होतो, त्यामुळं पुढं काय झालं असतं ते कधी कळलंच नाही. इथं कळलं. पेशी सरावतात. नवी वीजघरं उभी करतात. या माणसानं मला माझ्या वीस वर्षांच्या कामातलं सर्वांत मोठं उत्तर दिलंय."

टाळ्या वाजल्या. तिसऱ्या रांगेत इंद्या बसला होता. तोही वाजवत होता, जरा हळू. डावा हात उजव्यावर नीट पडत नव्हता. शेजारी ऋतुराज. तेव्हाच उठायला हवं होतं. फक्त उभं राहायचं होतं. गुडघे आणि खुर्ची एवढंच अंतर.

तो उठला नाही. म्हणाला स्वतःशी, एका माणसानं काय होतंय, चाळीस कारखाने आहेत.

सहा महिन्यांत नियम बदलला. साठच्या खाली आल्यावर बाजूला काढायचं नाही, एक वर्ष थांबायचं. सरावाचा काळ, असं त्याला नाव दिलं. सह्यकांतीत दुसरी टाकी बसली. तिच्यावर कोण, तर हर्षद. सानिकाचा धाकटा भाऊ. चोवीस वर्षांचा, जिममध्ये जाणारा, इंद्याला 'जिजू' म्हणणारा. टाकीवर जाऊ का असं त्यानं घरी विचारलं तेव्हा सासरेबुवा म्हणाले, "जावईबापू सहा-सात वर्षं उभे आहेत तिथं. चिठ्ठी बघितलीय मी."

---

कॅरमनं आधी सांगितलं. इंद्याचा स्ट्रायकर अर्ध्यातच थांबायला लागला. मग अंगठ्याजवळचं बोट बसल्या बसल्या आपोआप घासायला लागलं, जसं काही तो बोटांत चिमूटभर पावडर चोळतोय. चेहरा सपाट झाला. जोक सांगितला तर हसायचा, पण चेहऱ्यापर्यंत हसू पोचायला वेळ लागायचा. सही मुंगीएवढी झाली. बँकेतल्या बाईनं दोनदा परत पाठवलं.

मग एके दिवशी टाकीपुढंच थिजला. टोपली हातात, पाय जमिनीला चिकटलेले. हर्षदनं पाठीमागून धरलं.

मोठ्या हॉस्पिटलमध्ये त्याचं डोकं तपासलं. तिथंही टिळाच, फक्त पट्टी पांढरी. एकतीस.

वय तेहतीस. आकडा एकतीस. गोळीचं विचारलं तर तिथल्या डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

कंपनीनं कोड उघडला. एकशे सतरा, गेल्या शनिवारचा आकडा सत्त्याऐंशी. कंपनीनं चौकशीला नेमलेल्या समितीनं लिहून दिलं, 'कारखान्यातील नोंदी उत्तम. हॉस्पिटलच्या यंत्रात फरक संभवतो. आजार आनुवंशिक असावा.' इंद्याच्या आईनं ते वाचून घेतलं आणि आपल्या सात पिढ्या आठवत बसली. कुणाचे हात थरथरायचे, कुणाचे नाहीत.

समितीनं काय लिहिलं ते दातार मॅडमना कळवलंसुद्धा नव्हतं. हे ऋतुराजला नंतर समजलं.

---

ऋतुराज तरीही गप्पच होता. त्याला बोलतं केलं ते हर्षदनं.

कॅन्टीनमध्ये त्याच्या समोर ताट घेऊन बसला. "ऋतूदादा, माझा आकडा अठ्ठावन्न आला."

ऋतुराजचा घास तोंडातच.

"घाबरू नका ओ," हर्षद म्हणाला, "सरावाचा काळ. एकशे सतराचा पण असाच उतरला होता, मग वर गेला. सुपरवायझर म्हणाला, आता तुझा वर जाईल बघ." मग आमटीत भाकरी मोडत सहज म्हणाला, "आज आमटीला वासच न्हाई. पाणी घातलंय काय साल्यांनी?"

आमटीचा वास ऋतुराजला येत होता. चांगला खमंग, कांदा-लसणाच्या चटणीचा.

दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली आणि पुण्याची एसटी पकडली.

दातार मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग लॅपटॉपवर दोन रेघा काढल्या. एकशे सतरा निळी, एकशे बेचाळीस लाल. एकसष्टनंतरची निळी उचलून लालवर ठेवली. फक्त लाल दिसत राहिली.

"दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये तुम्हाला काही झालं होतं?"

"डेंग्यू."

"दोघंही त्या आठवड्यात एकदम खाली आलेत." त्यांनी चष्मा काढला. "मी हे बघायला हवं होतं. पण मला हवं ते उत्तर समोर आलं होतं. मग कोण बघतं?"

मग त्यांनी मोजायला सुरुवात केली. किती कारखान्यांत किती टाक्या, प्रत्येक टाकीवर किती शिफ्ट, साठच्या खाली आलेले किती जण सरावाच्या काळात उभे आहेत. दोनशे अकरा माणसं. त्यातली चाळीसच्या वर अजून किती आहेत, हे त्या मोठ्यानं म्हणाल्या नाहीत.

"आज फोन करा सगळ्यांना," ऋतुराज म्हणाला.

"फोननं कारखाना थांबत नाही. आणि कोडाची माहिती मी नुसत्या संशयावर रद्द करू शकत नाही, तुमच्या युनियनच्याच अटीत आहे ते. लेखी लागेल. ज्यानं टिळा लावला त्याचं, आणि ज्याच्या नावावर लावला त्याची सही. दोघांवरही केस होईल. हे मी आधीच सांगते."

"आणि तुमच्यावर?"

"माझ्यावर व्हायलाच हवी."

परतीच्या एसटीत त्यानं पहिल्यांदा टाइप केलं. कराडच्या अलीकडं पुसलं.

---

"सही न्हाई करणार," इंद्या म्हणाला.

पहिल्यांदा सांगितलं तेव्हाची गोष्ट. बोलणं आता हळू आणि सपाट झालं होतं, एकाच सुरात, जसं कुणीतरी लांबून वाचून दाखवतंय.

"हर्षद अठ्ठावन्नवर हाय, इंद्या."

"त्याला टाकी सोडायला लाव. काहीतरी सांग. सानिकाला कळता कामा नये. तिनं मला चिठ्ठी बघून केलाय, भावा. आता ह्या अवस्थेत तिला सांगू की ती चिठ्ठी पण माझी नव्हती?"

"आणि बाकीचे दोनशे दहा?"

इंद्या बोट घासत राहिला.

ऋतुराजनं हर्षदला टाकी सोड म्हणून सांगितलं. हर्षद हसला. "जिजूंना झालं ते आनुवंशिक हाय ओ. समितीनं लिहून दिलंय." त्या आठवड्यात त्याचा आकडा त्रेपन्न.

शनिवारी ऋतुराज शिफ्ट सुटल्यावर टिळ्याच्या केबिनकडं न जाता थेट इंद्याकडं गेला. सानिकानं दार उघडलं. तिनं खुर्च्या सरकवून मध्ये स्टुलावर बोर्ड मांडला होता. डॉक्टरनं सांगितलं होतं, बोटं हलती ठेवा.

"बसा भावजी. चहा टाकते."

खेळायला लागले. इंद्याला एकेका शॉटला वेळ लागत होता. स्ट्रायकर ठेवायचा, बोट आणायचं, बोट थरथरायचं, मग एकदम सुटायचं. ऋतुराजची एक काळी सोंगटी कोपऱ्याच्या तोंडाशी होती. फुंकर मारली तरी पडेल अशी. त्यानं नेम धरला आणि इंचभर बाजूनं मारला.

"च्च," तो म्हणाला.

इंद्यानं बोर्डकडं बघितलं. मग वर. डोळे तेवढे अजून जुनेच होते.

"भावा, परत माझा टिळा लावायलास व्हय?"

ऋतुराजनं स्ट्रायकर उचलून मुठीत धरला.

"गेल्या चार रविवारी जिंकलो मी. मला वाटलं, हात सुधारतोय. आईला पण सांगितलं." थोडं थांबून, श्वास घेऊन, "मला खरंच वाटलं, ऋत्या."

ऋतुराजनं स्ट्रायकर खाली ठेवला. आतून कप खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि सानिका दारात येऊन उभी राहिली.

"कसला टिळा लावला?"

इंद्यानं सांगितलं. स्वतःच. त्या सपाट आवाजात, मध्ये मध्ये शब्द शोधत, सगळं. शुक्रवारी काचेवर टकटक केलेलं, साखरपुडा, दीडशे शनिवार, सुकट, टाळ्या. ऋतुराजला वाटलं होतं ती रडेल नाहीतर ओरडेल. ती आत गेली, अल्बम घेऊन आली, पहिलं पान उघडून बोर्डवर सोंगट्यांच्या मधोमध ठेवलं. अठ्ठ्याऐंशी.

"हा मेंदू कुणाचा?"

"माझा," ऋतुराज म्हणाला.

"म्हणजे लग्न मी तुमच्याशीच केलं म्हणायचं."

ती इंद्याकडं वळून म्हणाली, "चिठ्ठी बाबांना पाहिजे होती. मला कुणी विचारलं होतं का? एकसष्ट म्हणाला असतास, तर गोळ्या मोजून दिल्या असत्या मी तुला. सहा महिने फक्त." मग तिचा आवाज एकदम बदलला. "हर्षद कुठं आहे आत्ता?"

"सेकंड शिफ्टला. टाकीवर."

"फोन लावा. नाही, मीच लावते."

ती गॅलरीत गेली. काचेतून फक्त हात दिसत होता, रेलिंग घट्ट धरलेला. तिचं बोलणं ऐकू येत होतं. "बाहेर ये. टोपली आहे तिथं टाक आणि बाहेर ये. विचारू नकोस. तुझ्या जिजूंचा आकडा खोटा होता. हो, खोटा. एकशे सतरा कधीच वर गेला नव्हता. ऐकतोयस का? कधीच नाही."

इंद्यानं ते ऐकलं. डोळे मिटले.

"पेन दे," तो म्हणाला.

"अजून लिहिलं कुठंय मी? तीनदा पुसलं."

"मंग बस आणि लिही. आत्ता, हितंच. आणि नाव बदलू नकोस माझं. दोस्त म्हणून केलं, असलं काय घालू नकोस. दोस्त म्हणूनच केलंस, ठाऊक हाय मला. त्यानंच तर वाट लागली."

ऋतुराज लिहायला बसला. या वेळी पुसलं नाही. सानिका आत आली, हर्षद गेटच्या बाहेर पोचला असं म्हणाली आणि इंद्यापासून लांबच्या खुर्चीवर, भिंतीकडं तोंड करून बसली. चहा तसाच निवला. लिहून झाल्यावर ऋतुराजनं खालच्या दुकानातून मोबाइलमधल्या मजकुराचा प्रिंट काढून आणला. इंद्यानं सही केली. मुंगीएवढी, पण पूर्ण नाव. त्याला चार मिनिटं लागली. टिळ्याला लागायची तेवढीच.

मग त्यानं अल्बम बोटानं बाजूला सारला आणि सांडलेल्या सोंगट्यांकडं बघितलं.

"तुझा खरा शॉट राहिलाय."

"इंद्या, आता खेळायचं?"

"आकडा खाली जाणार माझा. बोलणं बंद हुईल, मग बोट. तवर दर शनिवारी यायचं. आणि मला हरवायचं. खरं खरं. किती गेलो, किती उरलो, ते मला बोर्डवर दिसू दे. सगळे मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलतील. तू बोलायचं न्हाईस. शब्द दे."

ऋतुराजनं काळी सोंगटी परत कोपऱ्याच्या तोंडाशी ठेवली, होती तशी. नेम धरला.

"दिला," तो म्हणाला, आणि सोंगटी घातली.